'दुसऱ्या पिढीतील स्थलांतरित' की 'स्थलांतरितांची दुसरी पिढी'?

प्रश्न असा आहे: झुंपा लाहिरी यांच्या 'द नेमसेक' (२००३) या कादंबरीवरच्या लेखाला 'दुसऱ्या पिढीतील स्थलांतरितांच्या एकात्मीकरणावर कुटुंबाचा प्रभाव' असे शीर्षक द्यायचे आहे. ते योग्य आहे का?

व्याकरणाला धक्का नाही, अर्थाला आहे. 'स्थलांतरित' म्हणजे ज्याचे स्थलांतर झाले आहे तो. कादंबरीचा नायक गोगोल १९६८ साली बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्येच जन्मतो. कलकत्त्याहून येतात ते त्याचे आईवडील. 'दुसऱ्या पिढीतील स्थलांतरित' म्हटले की स्थलांतर त्याच्या माथी बसते. 'स्थलांतरितांची दुसरी पिढी' म्हणा. षष्ठीमुळे ते ज्यांनी केले त्यांच्याकडेच राहते. 'स्थलांतरितांची मुले' हेही चालेल, पण 'स्थलांतरित मुले' नको. ते शब्द ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर बीडहून बाहेर पडणाऱ्या मुलांना लागतात. ती खरोखर गाव सोडतात. लहानपणी परदेशी गेलेल्यांसाठी समाजशास्त्रज्ञ रुबेन रुम्बाउट यांनी 'दीड पिढी' ही संज्ञा रूढ केली. मराठीत ती जशीच्या तशी छान बसते, जरूर वापरा.

आता 'एकात्मीकरण', म्हणजे इंग्रजी 'इंटिग्रेशन'साठी घेतलेला शब्द. राष्ट्रीय एकात्मतेमुळे हा शब्द ओळखीचा आहे, पण त्यात सगळे मिळून एक होण्याची छटा आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांच्या मांडणीत इंटिग्रेशन म्हणजे आपले राखून नव्या समाजात वावरणे. आपले सोडून तिथले होऊन जाणे हे असिमिलेशन, म्हणजे सात्मीकरण. 'एकात्मीकरण' लिहिले तर वाचक पहिल्याच्या जागी दुसरे समजतो. 'समावेशन' निर्दोष आहे, मात्र कार्यालयीन वाटते. साहित्यावरच्या लेखात साधी क्रियापदे बरी: रुळणे, मिसळणे, सामावणे. त्यांतही कर्ता सांभाळायला हवा. 'तो रुळला' यात सारे श्रम त्याचे. 'त्याला सामावून घेतले' यात ते यजमान समाजाचे. आपल्याला काय म्हणायचे आहे ते आधी ठरवा, नाहीतर दोष भलत्याच्याच पदरी पडतो.

हे याच कादंबरीत स्पष्ट दिसते. बंगाली घरात दोन नावे असतात: घरातले डाकनाम आणि चारचौघांतले भालोनाम. भालोनाम पणजीने ठेवायचे असते, पण तिचे पत्र पोहोचत नाही, आणि जन्मदाखल्यावर नाव घातल्याशिवाय रुग्णालय बाळाला घरी सोडत नाही. म्हणून 'गोगोल' कागदावर चढते. पुढे शाळेत घालताना आईवडील 'निखिल' पुढे करतात. मूल त्या नावाला ओ देत नाही आणि शाळा मुलाचे ऐकते. धाकटीच्या वेळी आईवडील दोन नावांचा नादच सोडतात. इथे 'कुटुंबाचा अडथळा' म्हणणे अन्यायाचे आहे. घरची रीत आणि तिथल्या दप्तराचा नियम एकमेकांत अडकले, आणि शेवटी बदलली ती घरची रीत.

म्हणूनच 'प्रभाव'ही मला खटकतो. तो शब्द एकाच दिशेने वाहतो, आईवडिलांकडून मुलांकडे. स्थलांतरितांच्या कितीतरी घरांत तिथली भाषा मुलांना आधी येते, कचेरीतले कागद तीच वाचून दाखवतात आणि थोरलेपण उलटे होते. 'वाटा' म्हटले की दोन्ही बाजू मावतात.

तेव्हा शीर्षक असे करता येईल: 'स्थलांतरितांची दुसरी पिढी: रुळण्यातला कुटुंबाचा वाटा'. आणि लेखात 'डाकनाम'साठी 'टोपणनाव' घालू नका. त्याने मराठी वाचकाला गोविंदाग्रज, कुसुमाग्रज आठवतात. 'घरातले नाव' लिहा.