आपल्या भागातली पोरं कशी बोलतात ते आधी लिहून काढ

अगं,

तुझा मोठा मेसेज वाचला, दोनदा वाचला. स्पीच थेरपीच्या डेझर्टेशनला, म्हणजे प्रबंधाला, विषय सापडेना, गाईड सिनॉप्सिस, म्हणजे त्याचा आराखडा, मागायलेत, बरोबरच्या पोरींचे विषय ठरून गेले आणि तू अजून ऑटिझमवर ॲप करू की तोतरेपणावर काही करू यातच आहेस. फोनवर बोललो तर अर्धं राहतं म्हणून लिहितेय, निवांत वाच.

माझं म्हणणं एकच आहे. तू निपाणीची, घरी मराठी, शाळेत कन्नड शिकलीस, इंटर्नशिप बेळगावात केलीस. तुझ्या कानात जे आहे ते पुण्या-मुंबईच्या किंवा म्हैसूरच्या माणसाच्या कानात नाही, कितीही हुशार असला तरी. ते वापर. आपल्याकडं दोन-दोन भाषांत वाढणारं चांगलं धडधाकट पोर तिसऱ्या-चौथ्या वर्षी नेमकं कसं बोलतं, हे कुणीतरी नीट बसून लिहून ठेवल्याशिवाय कुठलं पोर खरंच मागं पडलंय हे ठरवायचं कशाच्या जोरावर? ॲप नंतर कर, ॲप कुठं पळून जात नाही.

उदाहरण देते, म्हणजे कळेल. भाषेच्या टेस्टमधल्या चित्राच्या कार्डावर पळणारं कुत्रं आहे, उत्तराच्या कागदावर लिहिलंय ‘कुत्रा पळत आहे’, फार तर ‘पळतोय’ चालेल. खानापूरकडचं पोर म्हणणार ‘कुत्रं पळूलालंय’. तुमच्याकडचं म्हणणार ‘पळायलंय’. क्रियापद बरोबर, चालू काळ बरोबर, कुत्रं म्हटलं तर शेवटचं ‘लंय’ पण जुळलं, व्याकरणात काय चुकलं सांग? पण कागदाला धरून बसलेला माणूस शून्य देतो. तेच पोर कन्नडमध्ये सांगतं ‘नायी ओडाकत्तैती’, आणि कन्नड टेस्ट तिकडं दक्षिणेकडच्या बोलीवर बेतलेली असेल तर तिथं ‘ओडुत्तिदे’ पाहिजे, म्हणजे तिथंही शून्य. दोन भाषांत दोन शून्य मिळाले की रिपोर्टवर ‘लँग्वेज डिले’, म्हणजे भाषेत मागं पडलंय, असं लिहून मोकळे. पोराला काही झालेलं नसतं, ते आपल्या आजीसारखं बोलत असतं.

असं आणखी किती आहे बघ. आपल्याकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, माझी आई आयुष्यभर तसंच बोलली, मी पण घरात तसंच बोलते. आता चार वर्षांची पोरगी ‘मी जेवलो’ म्हणाली तर स्त्रीलिंगी प्रत्यय आला नाही म्हणून मार्क कापायचे का? किंवा कन्नड घरातलं पोर मराठी शाळेत ‘घर’ला ‘गर’ म्हणतं, ‘भात’ला ‘बात’. बोलीतल्या कन्नडमध्ये महाप्राण, म्हणजे ख-घ-भ सारखे आवाज, फारसे ऐकूच येत नाहीत, मग पोर आणणार कुठून, त्याला आर्टिक्युलेशनची, म्हणजे उच्चारदोषाची, केस करून ख-घ-भ चे ड्रिल लावणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं आहे. फरक वेगळा आणि दोष वेगळा, हे पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच शिकवतात गं, पण फरक कुठं संपतो आणि दोष कुठं सुरू होतो ती रेघ मारायला इथलाच डेटा लागतो, पुस्तकातला चालत नाही.

आणि याची दुसरी बाजू पण तितकीच महत्त्वाची, ती विसरू नकोस. सगळंच बोलीच्या नावावर खपवलं तर ज्या पोराला खरंच मदत पाहिजे ते सुटतं. ‘आमच्याकडं असंच बोलतात’ म्हणून दोन वर्षं घरी बसवलेली पोरं तू पण बघितलीस. खरा भाषादोष असेल तर तो एकाच भाषेत लपून बसत नाही, मराठीत पण दिसतो आणि कन्नडमध्ये पण दिसतो, म्हणून तपासणी दोन्ही भाषांत करायची आणि दोष आहे की नाही ते पण दोन्ही भाषा बघूनच ठरवायचं. शब्द मोजताना पण दोन्ही भाषांचे मिळून मोज, म्हणजे पोराला पाण्याचा शब्द फक्त कन्नडमध्ये येतो आणि मांजराचा फक्त मराठीत, तर त्याला दोन गोष्टी येतात, एक नाही. तुलना करायची ती त्याच गल्लीतल्या, तशाच घरातल्या पोरांशी. आजीला विचार, ‘याच्या वयाला याचा भाऊ कसा बोलत होता?’ या एका प्रश्नाला बायका जेवढं नेमकं सांगतात तेवढं छापील चेकलिस्टमधून निघत नाही.

तू विचारशील एवढ्यानं काय फरक पडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यात वाचा आणि भाषेची अक्षमता वेगळी धरली, १९९५ च्या कायद्यात ती नव्हतीच. म्हणजे आपला रिपोर्ट आता सर्टिफिकेटपर्यंत, सवलतींपर्यंत जातो. मापच चुकीचं असेल तर ज्याला पाहिजे त्याला मिळत नाही आणि ज्याला नको त्याच्या कपाळावर शिक्का बसतो.

आणि लोक देतात तो एक सल्ला, ज्यानं मला खरंच राग येतो. पोर उशिरा बोलतंय म्हटलं की कुणीतरी सांगतं ‘घरात एकच भाषा बोला, दोन भाषांनी गोंधळ होतो’. दोन भाषांमुळं भाषेचा दोष होतो असं कुठल्याही चांगल्या अभ्यासात निघालेलं नाही, ज्यांना दोष आहे ती पोरं सुद्धा दोन भाषा शिकतात, त्यांच्या त्यांच्या वेगानं शिकतात. पण हा सल्ला ऐकून काय होतं, आई शाळेची भाषा मोडकीतोडकी बोलायला लागते, आजी गप्प होते कारण तिला दुसरी येतच नाही, आणि ज्या पोराला जास्तीत जास्त बोलणं कानावर पडायला पाहिजे त्याच्या घरातलं बोलणंच निम्मं होतं. तुझ्या अभ्यासातून हे आपल्या भागातल्या घरांमध्ये नोंदवता आलं, कोणाला हा सल्ला मिळाला, त्यांनी काय बदललं, तर तो एकच चॅप्टर सुद्धा मोलाचा ठरेल.

आता काम कसं करायचं ते. घरची भाषा विचारताना ‘तुमची मातृभाषा कुठली’ असं फॉर्मवर विचारू नकोस. आपल्या भागात त्या प्रश्नाला फार जुना इतिहास आहे, १९५६ पासूनच्या सीमावादाचा, लोकांना वाटतं ही बाई शिरगणती करायला आली की कुठल्या पार्टीची आहे, आणि मग जे उत्तर मिळतं ते घरातलं नसतं, बाहेरचं असतं. त्यापेक्षा दिवस विचार. सकाळी पोराला कोण उठवतं, काय म्हणून उठवतं, जेवताना कोण असतं, खेळायला कुणाच्या दारात जातं, टीव्ही-मोबाइलवर काय बघतं, रागावताना बाबा काय बोलतात. एवढ्यातून कुठली भाषा किती वेळ कानावर पडते ते आपोआप निघतं, आणि मराठी-कन्नडच्या शेजारी उर्दू आणि कोकणी पण निघते, जी फॉर्मवर कधी आलीच नसती.

सगळ्यात आधी कान तपास. ऐकू येण्याची तपासणी झाल्याशिवाय एका पोराच्या पण बोलण्याचं सॅम्पल धरू नकोस. कानाच्या पडद्यामागं पाणी साठलेलं, सारखी सर्दी असलेलं पोर आलं तर त्याचा भाषेचा डेटा म्हणजे कानाचाच डेटा असतो.

मग सॅम्पल. कार्डं-बिर्डं ठेव बाजूला, खेळताना रेकॉर्ड कर, चित्रांवरून गोष्ट सांगायला लाव, पन्नास ते शंभर वाक्यं मिळेपर्यंत. एकदा मराठी बोलणाऱ्या माणसाबरोबर, एकदा कन्नड बोलणाऱ्या माणसाबरोबर, वेगळ्या दिवशी, कारण तू दोन्ही भाषा जाणतेस हे पोराला कळलं की ते मिसळूनच बोलणार. मिसळून बोललं तर ती चूक म्हणून मोजू नकोस, वेगळ्या खुणेनं नोंद कर, आपण मोठी माणसं बाजारात दुसरं काय करतो? लिहून काढताना ऐकलं तसंच लिही. ‘करुलालाय’ ऐकलं तर ‘करत आहे’ असं सुधारून लिहायचा मोह होतो, शाळेनं आपल्याला तशीच सवय लावलीय. ती सवय तेवढ्या वेळापुरती बाजूला ठेव, नाहीतर ज्यासाठी गेलीस तेच पुसून टाकशील.

इथं एक खरा अवघड प्रश्न येतो, आणि मला वाटतं तुझ्या डेझर्टेशनचा जीव इथंच आहे. वाक्याची सरासरी लांबी मोजायची तर शब्दांत मोजायची की रूपिमांत, म्हणजे शब्दाच्या अर्थ असलेल्या सगळ्यात लहान तुकड्यांत? रॉजर ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये इंग्रजी पोरांसाठी रूपिम मोजायचे नियम घातले, ते इंग्रजीला ठीक. ‘पळूलालंय’ चे तुकडे किती? पळ वेगळा, शेवटचा लिंग-वचनाशी जुळणारा प्रत्यय वेगळा, मधल्याचं काय करायचं? आणि कन्नडमध्ये प्रत्ययावर प्रत्यय चढत जातात, तिथं तर आणखी वाद. तू नियम ठरव, कागदावर लिही, प्रत्येक नियमाला पोरांच्या तोंडचं उदाहरण दे, आणि मग निदान दहा-वीस टक्के रेकॉर्डिंग दुसऱ्या माणसाकडून, जिनं तुझं लिहिलेलं बघितलं नाही अशा मैत्रिणीकडून, नव्यानं लिहून घे आणि दोघींचं किती जुळतं ते काढ. जुळलं नाही तर नियम ढिला आहे. हे कंटाळवाणं काम आहे, दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग उतरवायला तास-दीड तास सहज जातो, पण पुढच्या दहा पोरी तुझे हेच नियम वापरतील. आवाज तपासायला प्राट नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, उतरवून मोजायला क्लॅन नावाचं फुकट आहे, पैशासाठी काही अडणार नाही.

थेरपीवरच काही करायचं असं तुझ्या मनात असेल तर एवढंच सांगते, ‘दहा पोरांना थेरपी दिली, आधी आणि नंतर मोजलं, सुधारली’ असलं करू नकोस. पोरं वाढतातच. शाळेआधीच्या वयात तोतरं बोलायला लागलेल्या पोरांपैकी बरीचशी पोरं आपोआप नीट होतात, स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पेशंट थेरपीशिवाय पण सुधारतो, मग श्रेय कुणाचं? पोरं कमी असतील तर एकेका पोराचा अभ्यास कर पण शिस्तीत कर. थेरपी सुरू करायच्या आधी निदान तीन वेळा, जमलं तर पाच वेळा मोज, मग आधी फक्त ‘क’ वर काम कर आणि ‘र’ ला हात लावू नकोस, ‘क’ सुधारला आणि ‘र’ तिथंच राहिला, आणि ‘र’ वर काम चालू केल्यावरच तो हलला, तर म्हणता येतं की हे थेरपीनं झालं. आणि नाही हलला तर तसंच लिही. काही न निघालेला अभ्यास पण छापला पाहिजे.

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडनं येणारी आई एका सेशनसाठी दिवसाची मजुरी सोडते, पावसात एसटी बंद पडली तर येतच नाही. कोण कधी आलं नाही आणि का आलं नाही हे वहीत लिहीत जा, तो डेटाच आहे, सहकार्य नाही म्हणून शेरा मारायची गोष्ट नाही. वेळापत्रक ठरवताना जूनमधली शाळेची गडबड, खानापूरचा पाऊस, सौंदत्तीची जत्रा आणि कारखाने सुरू झाल्यावरचा ऊसतोडीचा हंगाम डोक्यात ठेव. अंगणवाडीच्या बाईंना विचारून तारखा घे, त्यांच्याएवढं कुणाला माहीत नसतं. आणि ऊसतोडीला बाहेरनं आलेल्या घरांतली पोरं त्या दिवसांत अंगणवाडीत असली तर त्यांना तुझ्या सॅम्पलमध्ये नकळत मिसळू नकोस, त्यांची बोली वेगळी, त्यांचा अभ्यास वेगळा व्हायला पाहिजे.

संमतीपत्राचं शेवटी सांगते पण ते शेवटचं काम समजू नकोस. १९३९ मध्ये अमेरिकेत आयोवाला वेंडेल जॉन्सनच्या हाताखाली मेरी ट्यूडरनं अनाथाश्रमातल्या बावीस पोरांवर प्रयोग केला, नीट बोलणाऱ्या पोरांना पण सांगितलं की तुम्ही तोतरे बोलताय, आणि त्यातली काही पोरं बोलायलाच घाबरायला लागली. विद्यापीठानं माफी मागितली ती २००१ मध्ये, तोवर पोरं म्हातारी झाली होती. आपण कुणी तसं करणार नाही हे खरं, पण पोराच्या समोर आईला ‘याचं बोलणं बरोबर नाही’ म्हणणं हे त्याच जातीचं आहे, आणि ते आपल्याकडं रोज होतं. तेव्हा संमती मराठीत, कन्नडमध्ये, वाचता येत नसेल तर तोंडी समजावून साक्षीदारासमोर. पोराला खेळायचं नसेल तर त्या दिवशी रेकॉर्डिंग बंद. रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवायचं नाही, मला पण नाही. आणि तपासणीत एखादं पोर खरंच अडचणीत आहे असं दिसलं तर त्याला कुठं पाठवायचं हे आधीच ठरलेलं पाहिजे, जिल्ह्याच्या लवकर उपचार केंद्राचा नंबर खिशात ठेवूनच अंगणवाडीत पाऊल टाक.

आता असं कर. गाईडना अजून काही सांगू नकोस. निपाणीत तुमच्या गल्लीतली ओळखीची दोन पोरं, एक मराठी घरातलं, एक कन्नड घरातलं, आयांना विचारून थोडा वेळ रेकॉर्ड कर, बसून उतरव, आणि मधल्या तुकड्याचं काय करायचं यावर तुझे नियम एका कागदावर लिही. रेकॉर्डिंग नको, नुसता नियमांचा कागद पाठव, नावं काढून. मी त्यावर लाल पेन घेऊन बसते, मग सिनॉप्सिसचं बघू.

तुझी मॅडम