जुना संगणक मुलीच्या हाती देताना

प्रश्न : आमच्या घरी २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि विंडोज १० आहे. माझे पती त्यावर प्राप्तिकराची विवरणपत्रे भरत आणि शेअरचे व्यवहार करत. आता ते काम लॅपटॉपवर होते. मुलगी यंदा तिसरीत गेली असून मोबाइलऐवजी तिला हा संगणक द्यावा असे वाटते. मात्र तो सुरू व्हायला फार वेळ लागतो आणि दर वेळी तारीख मागे गेलेली दिसते. मुलांसाठीचे एखादे सुरक्षा सॉफ्टवेअर टाकले म्हणजे पुरेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तेवढ्याने भागणार नाही. आपल्या संगणकात पतींचे ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड, पॅन व आधार कार्डाच्या स्कॅन प्रती आणि कदाचित उघडे राहिलेले ईमेल खातेही असेल. मुलीच्या हाती संगणक जाण्यापूर्वी हे सारे तिथून हलले पाहिजे. नुसत्या फाइली पुसून रिसायकल बिन रिकामी केली, तरी त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुनी माहिती डिस्कवर शिल्लकच राहते.

म्हणून माझा आग्रह असा, की जुनी हार्ड डिस्क काढूनच घ्यावी आणि तिच्या जागी २४० जीबीच्या आसपासची साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवावी. संगणक सुरू व्हायला लागणारा वेळ यानेच सर्वाधिक कमी होतो. काढलेली डिस्क यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे ती बाहेरून जोडता येईल अशा डबीत, घालून कपाटात ठेवा. डेस्कटॉपची डिस्क साडेतीन इंची असल्याने विजेचा स्वतंत्र अडॅप्टर असलेले केसिंग मागावे लागेल. इतक्या जुन्या डिस्कवर विसंबणे मात्र धोक्याचे आहे, तेव्हा त्यातील फोटोंची आणि कागदपत्रांची आणखी एक प्रत लॅपटॉपवर करून घ्या. रॅम ८ जीबी करायची असल्यास सध्याची पट्टी दुकानात सोबत न्या, म्हणजे जुळणारी डीडीआर-३ प्रकारची पट्टी मिळेल.

तारीख मागे जाते याचे कारण बहुधा मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरील) सीआर २०३२ हा बटन सेल संपला आहे. तो अगदी स्वस्तात मिळतो. पण तो न बदलल्यास संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांच्या मुदतीशी तारीख जुळत नाही आणि ब्राउझर चांगल्या संकेतस्थळांनाही असुरक्षित ठरवतो. अशा सूचना डावलून पुढे जाण्याची सवय मुलीला लागू नये. कॅबिनेट उघडलेच आहे, तर पंख्यावरील धूळही कोरड्या ब्रशने झाडून घ्या.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अद्यतने देण्याची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि आपला प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. दुकानदार ‘टाकून देतो’ म्हणाला तरी बिनपरवाना प्रत घेऊ नका. अशा यंत्रावर मी विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या कार्यप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवेन. ती विनामूल्य आहे आणि काही न पुसता आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. त्यावर दोन खाती करा : अ‍ॅडमिनचे, म्हणजे सर्व अधिकार असलेले, आपले आणि साधे मुलीचे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड तिला सांगू नये; नवे सॉफ्टवेअर टाकण्यासाठी तो लागत असल्यामुळे तिने आपल्याला हाक मारावी लागेल, आणि ते योग्यच आहे. रोजच्या वेळेची मर्यादा टाइमकेपीआर नावाच्या साधनाने घालता येते.

इंटरनेटच्या गाळणीसाठी राउटरच्या डीएनएसमध्ये (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेच्या रकान्यात) १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्लाउडफ्लेअर या कंपनीचे कुटुंबांसाठीचे पत्ते भरा. प्रौढांसाठीची आणि घातक म्हणून नोंदलेली संकेतस्थळे त्यामुळे अडतात. यूट्यूबवरील प्रत्येक व्हिडिओची पारख ही गाळणी करू शकत नाही, म्हणून संगणक बैठकीच्या खोलीतच आणि पडदा सर्वांना दिसेल असा मांडा. धातूचे कॅबिनेट असल्याने तीन पिनांच्या प्लगला अर्थिंग नीट आहे की नाही, हेही वायरमनकडून तपासून घ्या.

सुरुवातीला चित्रकलेसाठी टक्स पेंट आणि लहान मुलांच्या खेळांसाठी जीकॉम्प्रिस एवढे पुरे. दोन्ही एकदा उतरवल्यावर इंटरनेटशिवाय चालतात. स्क्रॅच ही ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याची भाषा साधारण आठ वर्षांपासून जमते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. पहिले काही धडे आपण तिच्या शेजारी बसून पाहावेत, म्हणजे ती कुठे अडते हे आपल्यालाही कळेल.