आधी चिप-८ घे, मग भरतीचं गणित घाल त्यात

रत्नागिरीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहेस, जुन्या कॉम्प्युटरांचं वेड आहे आणि विचारतोयस की प्रोजेक्ट म्हणून स्वतःची प्रोग्रामिंग लँग्वेज करू की झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा एम्युलेटर (म्हणजे त्याची सॉफ्टवेअरमधली नक्कल), आणि ते रस्ट या लँग्वेजमध्ये करू की झिग या लँग्वेजमध्ये.

लँग्वेज नको. मी दोन अर्धवट टाकल्यात. पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) होईपर्यंत मजा असते, धड एरर मेसेज लिहायची पाळी आली की उत्साह ओसरतो. स्पेक्ट्रमही आत्ता नको. त्यातल्या झेड-८० प्रोसेसरला शेकडो ओपकोड, म्हणजे सूचनांचे आकडे, त्यात मॅन्युअलमध्ये न लिहिलेल्या खोडी. एका सेमिस्टरचं काम नाही ते.

चिप-८ घे. आरसीए या अमेरिकी कंपनीतल्या जोसेफ वाइसबेकरनं सत्तरच्या दशकात केलेलं हे काल्पनिक मशीन: ४०९६ बाइट मेमरी, १६ रजिस्टर (आकडे ठेवायचे छोटे कप्पे), ६४ बाय ३२ ठिपक्यांचा पडदा आणि जेमतेम ३५ सूचना. पंधरा दिवसांत उभं राहतं. पण एवढ्यावर थांबलास तर ते हजारो जणांनी केलंय. म्हणून त्यावर चालणारा एक प्रोग्राम स्वतः लिही: भरतीचं घड्याळ.

दर्यावर जाणाऱ्यांचा ठोकताळा तुला घरी कुणीतरी सांगेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आमच्या आजोबांना पाउणकी तोंडपाठ होती, त्यांना घड्याळ लागायचं नाही. मिनिटांत बोलायचं तर तिथी गुणिले ४५.

आता खरी गंमत. चिप-८ मध्ये गुणाकार नाही, म्हणून ४५ तिथीइतक्या वेळा मिळवायचे. पंचमीपर्यंत सगळं ठीक, २२५. षष्ठीला २७० व्हायला हवेत, पण रजिस्टर आठ बिटांचं, २५५ च्या पुढे जात नाही. उरतात १४. म्हणजे साडेचारची भरती बारा वाजून चौदा मिनिटांनी! त्यात आणखी मेख अशी, की दोन रजिस्टरांची बेरीज केलीस तर हातचा व्हीएफ नावाच्या शेवटच्या रजिस्टरात येतो, पण रजिस्टरात थेट आकडा मिळवणारी सूचना व्हीएफला शिवतही नाही. चूक झाली हे कळतच नाही. (मी एक अख्खा रविवार यात घालवला, म्हणून एवढं चघळतोय.) उपाय साधा आहे: तास आणि मिनिटं वेगळ्या रजिस्टरांत ठेव, मिनिटं साठ किंवा वर गेली की साठ वजा करून तास एकानं वाढव.

रस्ट की झिग, याचं उत्तरही याच षष्ठीत सापडेल. हेच गणित साध्या सीमध्ये आठ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलंस तर ते मुकाट्यानं १४ देईल. रस्टची डीबग बिल्ड (चुका शोधायची आवृत्ती) तिथंच थांबून ओरडेल, रिलीज बिल्ड (वापरायला द्यायची आवृत्ती) मात्र सेटिंग बदललं नाहीस तर गप्प बसेल. एम्युलेटरला तर हे गुंडाळणं, म्हणजे २५५ नंतर परत शून्यापासून मोजणं, मुद्दाम हवंच असतं, म्हणून रस्टमध्ये ते वेगळ्या फंक्शननं स्पष्ट मागावं लागतं. झिगमध्ये अधिकच्या चिन्हापुढे टक्क्याचं चिन्ह लावलं की झालं. मला झिगचं हे जास्त आवडतं, पण झिग अजून बदलत असते आणि अडलास तर विचारायला माणसं कमी. तू रस्टच घे.

तिसरी वाट फोर्थ या लँग्वेजची, आणि ती मला मनापासून आवडते. तिथं क्रिया शेवटी येते: सहा, पंचेचाळीस, गुण. मराठी माणसाला हे उलटं वाटायचं कारण नाही. शब्दांची नावंही देवनागरीत ठेवता येतात. जमलं तर तेच घड्याळ फोर्थमध्येही करून बघ, दोनचार ओळींत होतं.

ठोकताळा सगळीकडे मिनिटाला मिनिट जुळणार नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो, ती आण आणि पंधरा तिथींचा फरक वहीत मांड. परीक्षकांना एम्युलेटरपेक्षा ते पान आधी दाखव. आणि कोडची एक प्रत घराबाहेर ठेव. पावसात लाइट जाते तेव्हाचं सांगतोय, आमच्या फ्लॉप्यांना तर बुरशीच यायची.