अंजीर लावतोयस तर आधी हे वाच
अरे, स्मर्ना जातीचं रोप ऑनलाइन कितीही भारी दिसलं तरी घेऊ नकोस, तिला फळ धरायला एक खास बारीक माशी लागते, ती आपल्या इंदूरला कुठून आणणार, फळं कच्चीच गळतात. पूना किंवा ब्राउन टर्की घे, त्यांना परागीकरण लागत नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून मोठ्या कुंडीत वाळू, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाल. ग्रीनहाऊसचा खरा उपयोग मला पावसाळ्यातच वाटतो, पानं कोरडी राहिली की तांबेरा (पानांवरचा बुरशीचा रोग) कमी, पण बाजू उघड्या ठेव हां! पानाखाली तपकिरी पावडर दिसली की ते पान लगेच तोडून बागेबाहेर टाक. आणि फळ मान टाकून लोंबलं, दाबून मऊ लागलं तरच काढ, तोडल्यावर ते नीट पिकत नाही.