वर झाकण नसताना हवा उडून का जात नाही?

प्रश्न : मी सांगलीतील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सहलीसाठी आम्ही वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चाललो असताना मुलींच्या हातातील वेफर्सची पाकिटे फुगून टणक झाली आणि अनेकींच्या कानांत दडे बसले. वर हवा विरळ असते, असे मी सांगितले. त्यावर आठवीतील एका मुलीने विचारले, "वायू मिळेल तेवढी जागा व्यापतो आणि अवकाश तर रिकामेच आहे, मग आपली हवा तिकडे पसरून संपत का नाही? पृथ्वी एवढ्या वेगाने फिरते, तरी ती भिरकावली का जात नाही?" गुरुत्वाकर्षणामुळे, असे मी उत्तर दिले, पण मग जत्रेतला फुगा वर का जातो, याचे समाधान मला करता आले नाही. कृपया खुलासा करावा. — एक वाचक, सांगली

उत्तर : वायू मिळेल तेवढी जागा व्यापतो, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य बाटली, खोली किंवा फुगा यांच्यापुरते खरे आहे. एवढ्याशा उंचीत वायूच्या वजनाचा परिणाम जाणवण्याइतका नसतो, म्हणून तेथे त्याचा उल्लेख होत नाही. शेकडो किलोमीटर उंचीचा विचार करताना मात्र वजन विसरून चालत नाही. शिवाय निर्वात जागा हवेला ओढून घेते, अशी जी समजूत असते ती चुकीची आहे. निर्वात काहीच ओढत नाही. रेणू स्वतःच्या गतीने तिकडे जातात, आणि जाण्याइतकी गती नसेल तर जात नाहीत.

ही गती किती असते? नेहमीच्या तापमानाला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावत असतो. प्रत्यक्षात जमिनीलगत तो सेकंदाला अब्जावधी वेळा दुसऱ्या रेणूंवर आदळतो आणि दिशा बदलतो. पण वाटेत कोणीच आडवे आले नाही आणि तो सरळ वर निघाला, असे मानले, तरी वर फेकलेल्या चेंडूप्रमाणे त्याचा वेग कमी होत जाऊन १२-१३ किलोमीटरवर तो थांबेल आणि खाली पडू लागेल. पृथ्वीला कायमचे सोडून जायचे तर सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, ज्याला मुक्तिवेग म्हणतात. तो रेणूच्या वेगाच्या बावीसपट आहे. झाकण लागत नाही ते यामुळे.

मुलीने न विचारलेला एक प्रश्न मला याहून मोलाचा वाटतो: मग सगळी हवा खाली येऊन जमिनीवर थर का धरत नाही? त्याचे कारण उष्णता. सूर्याची ऊब नसती, तर गोठलेल्या हवेचा सुमारे दहा मीटर जाडीचा थर पृथ्वीवर पसरला असता. उष्णतेमुळे रेणू धावत राहतात आणि त्या धावण्यातून दाब निर्माण होतो. हवेच्या प्रत्येक थराला वरच्या सर्व हवेचे वजन पेलावे लागते. म्हणून थराच्या तळाशी दाब थोडा जास्त आणि माथ्याशी थोडा कमी असतो, आणि हा फरकच त्या थराला तोलून धरतो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम हवेचा भार असतो, आणि एकूण हवेपैकी निम्मी पहिल्या साडेपाच किलोमीटरांतच सामावलेली आहे. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. एवढ्या चढात दाब सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. पाकिटातील हवा मात्र घाटाखालच्या जास्त दाबाची असल्याने ते फुगते.

१६४८ मध्ये फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिये हवेचा दाब मोजणारी पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम या डोंगरावर चढला. माथ्यावर पाऱ्याची उंची पायथ्यापेक्षा सुमारे आठ सेंटिमीटरने कमी भरली. तो डोंगर साधारण आपल्या महाबळेश्वराएवढा उंच आहे, हे मुलींना अवश्य सांगावे.

आता फुगा. त्यालाही गुरुत्वाकर्षण खाली खेचतेच. परंतु भोवतालच्या हवेचा दाब फुग्याच्या खालच्या बाजूला अधिक आणि वरच्या बाजूला कमी असल्याने हवा त्याला वर ढकलते. हेच प्लावक बल. फुग्यात भरलेला हीलियम हवेपेक्षा हलका असल्यामुळे हा रेटा फुग्याच्या वजनाला भारी पडतो. दाबातील हा फरक हवेच्या वजनातून आलेला असल्याने, गुरुत्वाकर्षण नसते तर फुगा वर गेलाच नसता.

पृथ्वीच्या फिरण्याचे उत्तर सोपे आहे. सांगलीच्या अक्षांशावर जमीन सेकंदाला सुमारे ४४५ मीटर वेगाने सरकते, पण एक फेरा पुरा व्हायला जवळजवळ चोवीस तास लागतात; त्यामुळे बाहेर फेकण्याचा परिणाम गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम तीनशेवा भाग भरतो.

मुलीची शंका हायड्रोजनच्या बाबतीत मात्र खरी आहे. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर तापमान हजार केल्विनच्या आसपास असते, आणि हवा इतकी विरळ असते की वर निघालेल्या अणूला अडवणारे कोणी भेटत नाही. सगळे अणू सारख्या वेगाने धावत नाहीत. हायड्रोजनच्या हलक्या अणूंपैकी थोडे मुक्तिवेग ओलांडतात आणि निघून जातात. असा सेकंदाला सुमारे तीन किलोग्रॅम हायड्रोजन पृथ्वी गमावते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन जड असल्याने या वाटेने जवळजवळ जात नाहीत.

चुंबकीय क्षेत्राचाही यात वाटा असतो. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांचा झोत ते बऱ्याच अंशी वळवते. मंगळाने आपले चुंबकीय क्षेत्र फार पूर्वी गमावले आणि त्याची बरीच हवा या झोताने नेली. तरीही चुंबकीय क्षेत्रच वातावरण राखते, असे मुलांना सांगू नये. शुक्राला असे स्वतःचे क्षेत्र नाही आणि त्याचा दाब आपल्या नव्वदपटीहून अधिक आहे. शनीच्या टायटन या उपग्रहाचे गुरुत्वाकर्षण तर आपल्या चंद्रापेक्षाही थोडे कमी, पण तेथे उणे १८० अंश सेल्सियसची थंडी असल्याने रेणू मंद आहेत आणि हवा आपल्यापेक्षाही दाट आहे.

पुढच्या सहलीत महाबळेश्वरला एक लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली घट्ट बंद करून घ्यावी. सांगलीत ती आत दबलेली दिसेल. हवा तिकडच्याइतकीच गार असलेल्या वेळी ती बादलीतील पाण्यात पालथी धरून झाकण उघडावे आणि आत शिरलेले पाणी मोजावे. ते सुमारे ९० मिलिलिटर भरेल.