‘पेरिपर्सनल स्पेस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: मेंदूविज्ञानावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘पेरिपर्सनल स्पेस’ ही संज्ञा आली. ‘परिवैयक्तिक अवकाश’ चालेल का?

माझ्या मते नाही. त्यातला प्रत्येक शब्द वाचकाला भलतीकडे नेतो. ‘वैयक्तिक’ म्हटलं की आठवतं ते एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ सालच्या पुस्तकात मांडलेलं अंतर, म्हणजे परका माणूस किती जवळ आला की आपण अवघडतो ते. तो मामला सामाजिक आहे, देशोदेशी बदलणारा. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये त्याचं काय होतं ते सांगायला नको. आणि ‘अवकाश’ म्हणजे एक तर इस्रो, नाहीतर ‘परीक्षेला अजून अवकाश आहे’.

मूळ संकल्पना वेगळीच आहे: शरीराला लागून असलेला, मेंदू ज्याची खास दखल घेतो असा टापू. इटलीत पार्मा इथे जाकोमो रिझोलाट्टी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मकाक माकडांच्या मेंदूतल्या काही पेशींचं वर्णन केलं. गालाला स्पर्श केला की अशी एखादी पेशी उद्दीपित होते. पण स्पर्श न करता नुसती एखादी वस्तू त्याच गालाजवळ आणली, तरीही होते. तीच वस्तू लांब धरली की गप्प. पुढे प्रिन्स्टनमध्ये मायकेल ग्रॅझियानो आणि चार्ल्स ग्रॉस यांनी दाखवलं की ज्या पेशीचा संबंध हाताच्या त्वचेशी असतो, तिचा ‘बघण्याचा’ टापू हाताबरोबर सरकतो. म्हणजे शरीराभोवती एकच फुगा नाही. हाताचा वेगळा, चेहऱ्याचा वेगळा.

शिवाय हा टापू ताणला जातो. जपानमध्ये अत्सुशी इरिकी यांच्या गटाने १९९६ मध्ये माकडांना छोट्या दाताळ्याने खाऊ ओढायला शिकवलं. दाताळं वापरल्यावर अशाच पेशींचा टापू त्याच्या टोकापर्यंत लांबला. नुसतं हातात धरून लांबला नाही, वापरावं लागलं.

माणसांतला पुरावा तर याहून चमत्कारिक. पक्षाघातानंतर काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होतं. कागदावरच्या रेषेचा मध्य दाखवायला सांगितलं तर ते बरंच उजवीकडे खूण करतात. हॅलिगन आणि मार्शल यांनी १९९१ मध्ये अशा एका रुग्णाची नोंद केली, ज्याचा हा दोष जवळच्या रेषेपुरताच होता. लांबच्या रेषेचा मध्य तो प्रकाशाच्या ठिपक्याने जवळजवळ बरोबर दाखवी. २००० मध्ये बेर्ती आणि फ्रासिनेत्ती यांनी तशाच एका रुग्णाला लांबच्या रेषेसाठी काठी दिली. दोष तिथेही उगवला! काठीमुळे हात लांबला, ‘जवळ’ लांबलं, आणि आजारही तिथवर पोचला.

आता शब्दाकडे. इथे ‘जवळ’ फुटपट्टीने ठरत नाही. हात पोचेल का, किंवा ती वस्तू आपल्याला लागेल का, यावर ठरतं. मराठीत हे काम ‘-शी’ फार सहज करतं: हाताशी, तोंडाशी, कानाशी, उशाशी. ‘कानाशी डास गुणगुणतोय’ म्हणजे चिकटलेला नाही, पण चापट मारण्याइतका जवळ. ‘हातातोंडाशी आलेला घास’मध्ये तर दोन टापू एकत्र आहेत. ‘पुढ्यात’ही असाच अस्सल शब्द. आणि ‘ट्रक अंगावर आला’ असं सांगणारा माणूस धडधाकट उभा असतो; ट्रक टेकलेला नसतो, तरी आपण ‘अंगावर’च म्हणतो. (म्हणून आपल्या पूर्वजांना मेंदूविज्ञान ठाऊक होतं, असा मजकूर कृपया कुणी फॉरवर्ड करू नये.)

पण संज्ञेसाठी नाम हवं. ‘आटोका’ सुचू शकतो, पण आटोक्यात आता फक्त आगी आणि साथी येतात. ‘हाताचा टप्पा’ चांगला आहे, तरी अर्धाच: मानेमागून येणारी गांधीलमाशी चुकवणं हेही याच यंत्रणेचं काम, आणि तिथे हात पोचण्याचा प्रश्न नाही. ‘परिसर’ फार मोठा, त्यात पोस्ट ऑफिससुद्धा येतं.

मी ‘अंगालगतची जागा’ सुचवेन. ‘अंग’ म्हणजे सगळं शरीरही आणि एखादा अवयवही, ही दुहेरी सोय ‘देह’मध्ये नाही. ‘लगत’मध्ये स्पर्श गृहीत नाही, पण तो होण्याची शक्यता आहे. पाठ्यपुस्तकी भारदस्तपणा हवाच असेल तर ‘अंगालगतचं क्षेत्र’ म्हणा. ‘हातालगतचं क्षेत्र’, ‘चेहऱ्यालगतचं क्षेत्र’ हे उपप्रकार त्यातून आपोआप मिळतात, जे ‘परिवैयक्तिक’मधून काढून दाखवावेत! पहिल्या उल्लेखात इंग्रजी संज्ञा देवनागरीत शेजारी द्या. आणि हॉलची ‘पर्सनल स्पेस’ त्याच लेखात आली, तर तिथे ‘वैयक्तिक अंतर’ वापरा, म्हणजे दोहोंची गल्लत होणार नाही.