बँटमचा पिस्टन सपाट का?

प्रश्न: काकांनी इंग्लंडहून जुन्या बीएसए बँटम मोटरसायकलचा पिस्टन आणलाय, वरून एकदम सपाट. जुन्या टू-स्ट्रोकला पिस्टनवर उंचवटा असतो ना? मग हा डुप्लिकेट की काय?

उत्तर: नाही हो, ओरिजिनलच असणार! तो उंचवटा म्हणजे डिफ्लेक्टर, आत येणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण थेट एक्झॉस्टमधून पळून जाऊ नये म्हणून त्याला वर ढकलायला असायचा, पण त्याने पिस्टन जड व्हायचा आणि तापायचा पण जाम. मग श्न्यूर्ले नावाच्या जर्मन इंजिनियरने डोकं लढवलं, ट्रान्सफर पोर्ट (ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येतं ती भोकं) असे तिरके ठेवले की दोन्हीकडचे झोत एक्झॉस्टच्या समोरच्या भिंतीवर जातात, तिथून वर चढून वळसा घेतात आणि जळका धूर बाहेर ढकलतात, म्हणजे उंचवट्याची गरजच संपली. डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीने हे आपल्या गाड्यांत वापरलं, त्यातलीच आरटी १२५, आणि युद्धानंतर नुकसानभरपाई म्हणून तिची ड्रॉइंग्ज दोस्त राष्ट्रांकडे गेली. बीएसएने १९४८ मध्ये तीच आरशात बघून काढल्यासारखी उलटी करून बँटम बनवली, का तर ब्रिटिशांना गियर उजव्या पायाला हवा! १९५५ ची यामाहाची पहिली बाईक वायए-१ पण आरटी १२५ चीच कॉपी. काकांना सांगा, पिस्टन जपून ठेवा.